मंगलच्या नावानं घेतलेली गाडी

धाकट्या बहिणीचं, मंगलचं, स्थळ एका बैठकीत पसंत पडलं होतं. गाडी पसंत पडायला मात्र आमच्या घराला चार महिने लागले. आबा हे पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगायचे आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचो. त्या चार महिन्यांत मी घरात जे काही बोललो त्यातलं निम्मं खोटं होतं, हे फक्त मलाच ठाऊक होतं. आज पन्नाशी ओलांडल्यावर, कंबरेला पट्टा बांधून दुकानात बसल्या बसल्या हे लिहायला घेतलंय, ते मन मोकळं करायचं म्हणून नाही. मन मोकळं करायची वेळ मी केव्हाच घालवली. झालं ते एकदा नीट, मागचं-पुढचं न वगळता मांडून ठेवावं, एवढंच वाटतं. हे लिहू का, म्हणून मंगलला मी विचारलेलं नाही.

आमचं घर ताडकळसला, बाजाराच्या रस्त्यावर. पुढं आबांचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान, मागं राहतं घर. घरभर कायम फवारणीच्या औषधांचा वास असायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हांला तो कळायचासुद्धा नाही. समोर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा दिवसभर फटफट वाजायचा आणि वीज गेली की इतकं शांत व्हायचं, की माय चुलीपुढून विचारायची, "लाईट गेली का रे?" आबा दुकान बंद करून, हातपाय धुऊन पाटावर बसले की आम्ही बसायचो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. घरातलं जे काही ठरायचं ते याच वेळी ठरायचं. माझ्या आणि मायच्या मधली जागा मंगलची. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी लहान. लग्न होऊन सोनपेठकडच्या एका खेड्यात गेली, तरी जेवताना आम्ही ती जागा सोडूनच बसायचो. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

मंगलला दिवस गेल्याचं कळलं त्या रात्री आबा एक भाकरी जास्त जेवले. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते तर ठरलेलंच. प्रश्न होता तिला आणायचा. आमच्याकडून तिच्या गावाला जायचं म्हणजे तीन यस्ट्या बदलाव्या लागत. आबांनी आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता जाहीर केलं, "माझी लेक यस्टीत हिंदकळत येणार न्हाई. आपल्या दारात आपल्या गाडीतून उतरंल. जीप घेऊ. चिखलात जाती, खताची पोती टाकता येतात, धा माणसं बसतात."

जीप मला नको होती. त्याचं कारण सांगायचं तर त्या दिवसांतला मी कसा होतो, ते सांगावं लागेल. परभणीला कॉलेज कसंबसं संपवून मी दुकानात बसू लागलो होतो, पण बसत होतं ते फक्त शरीर. परभणीच्या स्टेशनावरच्या स्टॉलवर गाड्यांची मासिकं मिळत. ती मी युरियाच्या थप्पीमागं लपवून ठेवायचो. इंग्रजी अर्धंच कळायचं, चित्रं पूर्ण कळायची. आमच्या भागात एक साखर कारखाना बंद पडलेला होता. हंगामात उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, तो त्याचा तळ रिकामा पडला होता. सगळा सिमेंटचा, सपाट आणि ऐसपैस. महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ पोरं आपापल्या बापाच्या गाड्या घेऊन तिथं जमायची. जुने टायर मांडून वळणं केलेली असायची आणि एकेका गाडीनं तीन फेऱ्या मारायच्या. त्याला आम्ही ऐटीत 'ट्रॅक' म्हणायचो. कारखान्यात उसाच्या काट्यावर काम केलेले भुजंगराव म्हणून एक गृहस्थ होते. कारखाना बंद झाला तरी त्यांची काट्यावरची माया सुटली नव्हती. ते प्रत्येक गाडी आधी काट्यावर घ्यायचे, वजन मोठ्यानं पुकारायचे आणि मग हातातल्या घड्याळावर वेळ लावायचे. "तुमी कितीबी शायनिंग मारा, शेवटी वजनच बोलतं," असं ते सगळ्यांना ऐकवायचे. मी तिथं दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायर उचलायला जायचो. माझी स्वतःची फेरी कधी नव्हती. आबांनी जीप आणली असती तर कधी आलीही नसती, कारण जीप त्या वळणांवर म्हशीसारखी वळते.

म्हणून मी बोललो. अगदी शांतपणे, बहिणीची काळजी असलेल्या भावाच्या आवाजात बोललो. "आबा, जीपमध्ये मंगलला हादरे बसतील. सातवा महिना म्हंजे काय चेष्टा हाय का? आपल्याकडचे रस्ते तुमाला ठावंच हायत. डिक्कीवाली गाडी घेऊ. पोटातलं पाणी हलत न्हाई तिच्यात."

आबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी मायकडं बघितलं आणि म्हणाले, "ऐकलंस का? मला सुचलं न्हाई ते बाळूला सुचलं." मायनं न विचारताच माझ्या ताटात तुपाची धार सोडली. ते तूप मी भाकरीला लावून खाल्लं. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

मग चार महिने निवड चालली. मला हवी होती घरच्यांना चार दारं आणि डिक्की दिसेल आणि मला इंजीन दिसेल अशी गाडी. सहा दिवस घरची, सातव्या दिवशी माझी. मासिकात तसल्या गाड्यांवर एक मोठा लेख आला होता. तो मी पाठ केला होता: वजन कमी पाहिजे, इंजीन थोरलं पाहिजे, बसणी खाली पाहिजे, गिअर छोटे आणि घट्ट पाहिजेत. यातलं प्रत्येक कलम मी रात्रीच्या जेवणात मंगलच्या तब्येतीच्या भाषेत उलथून वाढायचो. बसणी खाली असली की मंगलला चढायला-उतरायला सोपं. इंजीन थोरलं असलं की गाडीला धक्के कमी. पेट्रोल गाडी घेतली की धूर नाही, वास नाही, तिला मळमळणार नाही. आबा मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते तसंच्या तसं ऐकवायचे. गावातल्या माणसांना बाळूला बहिणीची किती काळजी आहे, हे खताच्या पोत्याबरोबर फुकट मिळायला लागलं.

शेवटी आम्ही तिघं नांदेडच्या शोरूमला गेलो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि खिशात सुतळी घेतली होती. दुकानातल्या पोत्याचं माप त्या सुतळीला गाठी मारून आणलं होतं. पहिल्यांदा त्यांनी डिक्की उघडायला लावून सुतळी आडवी-उभी धरून बघितली आणि "दोन बसतात," म्हणून समाधानानं मान हलवली. माय चपला बाहेर काढून मागच्या बसणीवर चढली आणि मांडी घालून बसली. शोरूमचा पोरगा म्हणाला, "मावशी, पाय खाली सोडा." माय म्हणाली, "तिकडून येताना तिला मांडी घालूनच बसावं लागंल की बाबा, पाय सुजलेत तिचे. मांडी बसती का ते बघायलेय." मांडी बसली. गाडी दोन इंजिनांत मिळत होती. लहान इंजिनाची स्वस्त आणि कमी पेट्रोल खाणारी होती, थोरल्या इंजिनाची दोन्ही बाबतींत उलट. आबांनी थोरलं कशाला, असं विचारलं. मी म्हणालो, "चढाला लागतं, आबा."

"परभणी जिल्ह्यात चढ कुठाय रे?"

शोरूमचा पोरगा दुसरीकडं बघून खोकला. मी म्हणालो, "मंगलकडं जाताना बालाघाटाचे डोंगर लागतात की. भरल्या गाडीत, तिला घेऊन, मधीच गाडी थकली तर?" आबा थोडा वेळ त्या दोन गाड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "थोरलंच द्या." रंग मला लाल हवा होता, पण माय म्हणाली, यस्टीवानी दिसंल. पांढरी घेतली. घरी आल्यावर मायनं चारी चाकांची पूजा केली. वरवर बोट टेकवून तिचं भागेना. तिनं चाकाच्या वरच्या खोबणीत मनगटापर्यंत हात घातला आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी आत हळद-कुंकू लावलं. मंगलला फोन लावला. ती दुकानाच्या फोनवर इतक्या जोरानं हसत होती की समोर उभ्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेलं. "दादा, तू निवडलीस म्हणं? मग मी पुढं बसणार."

ती यायची होती दसऱ्यानंतर. म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते. पहिल्या महिन्याच्या ट्रॅकच्या रविवारी मी गाडी नेली. आबांना सांगितलं, परभणीला सर्व्हिसिंगला चाललोय. तीन फेऱ्या मारल्या आणि सातांत सहावा आलो. गाडी वळणावर एका अंगाला झुकायची, कारण ती झुकावी, माणसांना आत गुदगुदीत वाटावं, अशीच बनवलेली होती. भुजंगरावांनी काट्यावरून खाली उतरून निकाल दिला, "बाळासाहेब, तुमची गाडी गादीवर निजल्यासारखी चालती." पोरं हसली. पुढच्या महिन्याचा रविवार मोठा होता, लातूरकडची पोरं येणार होती. माझ्या डोक्यात ती गादी बसली.

परभणीत रशीद मिस्त्रीचं गॅरेज होतं. मासिकात वाचलेलं मी त्याला सांगितलं: चारी स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापायची, गाडी खाली बसते, कडक होते, झुकत नाही. मिस्त्रीनं विडी विझवली. "घर की गाडी है ना, भाऊ? गधे जैसी उछलेगी. खड्ड्यात गेली की सगळा मार बसणाऱ्याच्या कमरेत." मी म्हणालो, "घरासाठी दुसरी जीप घ्यायलोय आम्ही. ही फक्त माझी." इतकं सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. त्यानं माझ्याकडं थोडा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, "परत पहिल्यासारखी करायची तर नव्या स्प्रिंगा हैदराबादहून मागवाव्या लागतील. आधी सांगून ठेव, मग कापतो." मागवा म्हणालो. म्हटलं, दसऱ्याला वेळ आहे. संध्याकाळी गाडी घरी आणली तर आबा दुकानातूनच ओरडले, "हवा कमी झाली का रे?" मी हो म्हणालो.

मोठ्या रविवारी मी दुसरा आलो. हेही लिहिलं पाहिजे, कारण त्या दिवसाइतका आनंद मला पुढं माझ्या लग्नातही झाला नाही. सिमेंटवर गाडी चिकटून वळत होती, मान जागच्या जागी राहत होती, टायरांचा जळका वास आत येत होता. भुजंगरावांनी माझी वेळ दोनदा पुकारली. येताना मी एकटाच गाडीत मोठ्यानं गात आलो. पोटातलं पाणी सगळं हललं होतं आणि मला ते आवडलं होतं.

मंगळवारी सकाळी मंगलच्या सासऱ्यांचा फोन आला. त्यांच्या गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं होतं, की दोन दिवसांत पितृपक्ष लागतो. त्यात पोटुशीला हलवायचं नाही आणि त्यानंतर आठवा महिना लागतो, त्यात तर नाहीच नाही. न्यायचं तर उद्याच. आबांनी फोन ठेवला आणि लगेच माझ्या खांद्यावर हात टाकला. "बघ, गाडी हाय म्हणून चिंता न्हाई. उद्या तुझी माय अन् तू जा." मी रशीदच्या गॅरेजला फोन केला. स्प्रिंगा आल्या नव्हत्या. त्या वेळी माझ्याकडं अख्खा दिवस होता. आबांना खरं सांगून कुणाची तरी जीप भाड्यानं सांगता आली असती. मी तो अख्खा दिवस दुकानात बसून काढला. गिऱ्हाइकाला सोयाबीनऐवजी तुरीचं औषध दिलं.

माय पहाटेपासून राबत होती. व्याह्यांकडं न्यायच्या शिदोरीत करंज्या, शेव, बेसनाचे लाडू, आणि आमच्या वाटेसाठी तिळाचे धपाटे, त्यांवर लसणाची चटणी. गाडीत मागं तिनं गोधडीवर गोधडी अंथरली. भादव्याचा पाऊस होऊन गेलेला, रस्त्याची चाळण झालेली. जातानाच तिच्या लक्षात यायला लागलं. दर खड्ड्याला गाडीचं पोट खाली घासायचं आणि तिच्या मांडीवरचा डबा उडायचा. "आज गाडी अशी कामून करायली रे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "रस्ताच खराब हाय, माय." ती म्हणाली, "मागल्या खेपेला परभणीला गेलो तवाबी रस्ता खराबच होता." मग तिनं डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मला वाटलं, सुटलो.

मंगलच्या सासरी जेवणं झाली. सासूनं तिची ओटी भरली, हिरवी साडी नेसवली, शेजारपाजारच्या बायका गाडीभोवती जमल्या. "भावानं खास तुझ्यासाठी घेतली म्हणं," एक जण म्हणाली आणि मंगलनं माझ्याकडं अशा काही कौतुकानं बघितलं की मी टायरला लाथ मारून हवा बघायचं नाटक केलं. तिचे पाय खरंच सुजले होते. पुढं बसायचं ती विसरली नव्हती, पण मायनं तिला मागं, गोधड्यांवर बसवलं. तिनं मांडी घातली. गाव संपेपर्यंत ती सारखी बोलत होती, हसत होती. खडीचा रस्ता लागल्यावर बोलणं तुटक झालं. मग थांबलं. आरशात मला तिचा हात दिसत होता. दाराच्या वरच्या दांडीला तिनं मूठ आवळून धरली होती आणि दुसरा हात पोटाखाली होता.

"दादा, हळू."

मी हळू केली. बैलगाडी पुढं जाईल इतकी हळू केली. पण कापलेल्या स्प्रिंगेला हळू-जोरात काही कळत नाही. प्रत्येक खड्डा खालून सरळ वर येत होता. एका फरशीपुलावर चाक आत गेलं, गाडी धाडकन आदळली आणि मंगल ओरडली. मोठ्यानं नाही, तोंडातल्या तोंडात. मग म्हणाली, "दादा, थांबव. मला उतरू दे. पोटात कळ मारायली."

पुलाच्या कठड्यावर तिला बसवलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. मायनं तिला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, पोटाला हात लावून बघितलं. थोड्या वेळानं कळ ओसरली, बाळ हलल्याचं मंगलनं सांगितलं, तेव्हा मायच्या तोंडावर रंग आला. मग ती उठली आणि गाडीपाशी गेली. वाकली आणि चाकाच्या वरच्या खोबणीत हात घालायला लागली. पूजेला मनगटापर्यंत आत गेलेला तो हात आता बोटांच्या पेरांशीच अडला. दुसऱ्या चाकाशी गेली. तिथंही अडला. चारी चाकं बघून ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काय केलंस?"

"स्प्रिंगा कापल्या."

"कामून?"

"कारखान्यावर पळवायला. कापल्या की वळणावर चांगली चालती."

"हिला आणायचंय हे ठावं होतं ना तुला?"

"होतं."

शिव्या दिल्या असत्या, कानाखाली दिली असती, तर मी ते अंगावर घेऊन मोकळा झालो असतो. ती फक्त "बरं" म्हणाली. मंगल सगळं ऐकत होती. ती गाडीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. लांबून यस्टीचा आवाज आला आणि माय, डोक्यावरचा पदर नीट करून, रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. बस थांबली. दारात लटकलेल्या कंडक्टरनं आधी कोऱ्या करकरीत गाडीकडं आणि मग मंगलकडं बघितलं. "का ओ, गाडी बंद पडली का?" मी तोंड उघडण्याआधी मंगल म्हणाली, "हां, बंद पडली." कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या दोन माणसांना उठवलं. मी पिशवी घेऊन मागं गेलो तर मायनं ती माझ्या हातून घेतली. "तू ये मागून," ती म्हणाली.

तसा मी मागून आलो. थोरल्या इंजिनाची, डोंगर चढायला घेतलेली गाडी यस्टीच्या धुरात, यस्टीच्या चालीनं. बस थांबली की थांबायची, निघाली की निघायची. मागच्या खिडकीतली दोन पोरं माझ्याकडं बोट दाखवून हसत होती. गंगाखेडच्या स्टँडवर बस उभी राहिली, तेव्हा मी धावत जाऊन पेरू आणले आणि मंगलच्या खिडकीशी वर हात करून उभा राहिलो. तिनं ते घेतले. "तू खाल्लंस का काही?" म्हणाली. धपाट्यांचा डबा माझ्या गाडीतच राहिला होता. तो द्यायचं मला सुचलं नव्हतं आणि खायची हिंमत नव्हती. पुढं गोदावरीचा पूल लागला. सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले आणि नाणी पाण्यात पडायला लागली. पुढच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात आला. तिनं नाणं टाकलं आणि हात जरा वेळ तसाच बाहेर ठेवला. परभणीला त्यांनी ताडकळसची बस धरली. मी पुन्हा मागं.

आबांनी दुपारपासून दुकान बंद ठेवलं होतं. दारात पाट, भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या, गल्लीतल्या बायका, गिरणीवाला, सगळी मंडळी गाडीतून उतरणारी लेक बघायला उभी होती. गाडी आली ती रिकामी. तिच्यामागून स्टँडवरून माय आणि मंगल पायी चालत आल्या. आबा कधी गाडीकडं, कधी त्या दोघींकडं बघायला लागले. "हे काय? बाळू, हे काय?" मी मायकडं बघितलं. माय खाली बघत होती. सांगायचं ते मलाच सांगायचं आहे, हे तिनं ठरवलेलं होतं. मी गाडीचं दार उघडून पुन्हा लावलं.

"मला गाडी लागती, आबा," मंगल म्हणाली. "बंद गाडीत मळमळायलं. उलट्या व्हायल्या. यस्टीत वारं लागलं, तवा बरं वाटलं."

मग आबा इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. "घ्या! लेकीसाठी पैसा पाण्यावानी ओतून गाडी घेतली अन् लेकीलाच गाडी लागती!" बायका हसल्या, गिरणीवाला हसला. कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मंगल घरात आली. रात्री ती मधल्या जागेवर बसून जेवली. नंतर ती मागच्या पडवीत एकटी बसलेली बघून मी गेलो. म्हणालो, "मी आबांना खरं सांगतो." ती म्हणाली, "नको. त्यांनी समद्या गावाला सांगितलंय, माझ्या लेकानं बहिणीसाठी गाडी निवडली म्हणून. त्यांना काय वाटंल?" मी आणखी एकदा 'सांगतोच' म्हणून जोर केल्यासारखं केलं, आणि 'बरं' म्हणालो. मला हलकं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्या हलकं वाटण्याची आहे.

आठवड्यानं हैदराबादहून स्प्रिंगा आल्या. रशीद मिस्त्रीनं बसवल्या, काही विचारलं नाही. गाडी पुन्हा गादीवर निजल्यासारखी चालायला लागली. पण बोललेलं माघारी घेता येत नव्हतं. मंगलला कळा सुरू झाल्या तेव्हा दारात गाडी उभी होती आणि आबांनी शेजाऱ्यांची उघडी जीप सांगितली. म्हणाले, कळांत आणखी उलट्या नकोत. मी रिकामी गाडी घेऊन जीपच्या मागं परभणीच्या दवाखान्यापर्यंत गेलो. मुलगा झाला. सव्वा महिन्याच्या वैभवला मांडीवर घेऊन ती यस्टीनंच सासरी गेली. मग ते कायमचंच झालं. सासरी-माहेरी, लग्नाकार्यात, कुणी गाडी सांगायला लागलं की दुसरं कुणीतरी आठवण द्यायचं, मंगलला गाडी लागते. तिला एकटीला स्टँडवर सोडून आम्ही सगळे पुढं जायचो आणि ती दोन-तीन तासांनी पोचायची, तेव्हा पंगत उठलेली असायची. आबांची फार इच्छा होती, एकदा तिला शेजारी बसवून तुळजापूरला न्यायची. तिनं प्रत्येक वेळी हसून टाळलं. तिचा नवरा साधा माणूस, त्यानंही ते खरंच मानलं. ट्रॅकवर मी पुन्हा गेलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या वर्षी दोनदा गेलो होतो. आबा गेले ते आपल्या लेकीला गाडी लागते असंच समजून. मायला माहीत होतं, पण ती गप्प राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

गेल्या भाऊबीजेला मंगल आली होती, नेहमीसारखी यस्टीनं. तिनं ओवाळलं, जेवणं झाली आणि दारात हॉर्न वाजला. वैभव आला होता पुण्याहून, न सांगता. नोकरी लागून वर्ष झालेलं, त्यानं स्वतःच्या कमाईची पहिली गाडी घेतली होती. आईला तीत बसवून घरी न्यायला आला होता. मंगल दारात उभी राहून बघत राहिली. तिनं गाडीवरून हात फिरवला, काचेत स्वतःला बघितलं. तिचे गुडघे आता दुखतात, यस्टीची पायरी तिला चढवत नाही. "तू हो पुढं, बाळा," ती म्हणाली, "मी यस्टीनं येते."

"आई, किती वर्षं यस्टीनं फिरशील? मी हळू चालवतो. एकदा बस तरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं बघितलं. आबा नव्हते, माय नव्हती, जपायचं असं कुणी उरलं नव्हतं माझ्याशिवाय. 'बस गं, तुला काही गाडी लागत नाही,' एवढंच मला म्हणायचं होतं. वैभव माझ्याकडं बघत होता, माझी बायको बघत होती, माझी पोरं बघत होती.

मी आत गेलो. टोपलीतून एक लिंबू घेतलं, धुतलं, पुसलं आणि बाहेर येऊन तिच्या हातावर ठेवलं. "हे नाकाशी धर," मी म्हणालो, "म्हंजे मळमळणार न्हाई."

तिनं लिंबू घेतलं. मग वैभवनं उघडलेल्या दारातून आत जाऊन ती खिडकीशी बसली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच तिनं ते नाकाला लावलं.